लोखंडी कपाळाचं बाशिंग

अमळनेरात मुलगी नंतर पाहिली तरी चालायचं, पण जीवराम बाशिंगवाल्याचा ओटा आधी चढावा लागायचा. भेंडाच्या हलक्या पांढऱ्या गाभ्याची फुलं, लाल-सोनेरी बेगड, मण्यांच्या झुलत्या लडी. नवरदेवाचं कपाळ बोटभर असलं तरी जीवराम त्यावर दोन मोर बसवी. माप घेताना दोरा उरला की हळूच म्हणे, "अक्कल कमी शे रे भाऊ. सासराले सांगू नको!"

घरच्याच मुलाचं कपाळ तेवढं मोजायचं राहिलं होतं. अभिमन मराठा पलटणीत होता आणि लढाई संपल्यावर पलटण जपानात पहाऱ्याला गेली होती. इकडे बोदवडची मुलगी बोलून ठेवलेली. समोरचा रुपचंद तेली घाण्यावरून रोज हाक मारी, "जीवरामभाऊ, बोदवडवाले गुडघाले बाशिंग बांधीसन बसेल शेतस. तुम्हना पोऱ्या कव्हय येस?"

"येऊ दे त्याले. असं बाशिंग करसू का तुना डोया दिपी जातीन!"

स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, चाळीसगावकडचा तोताराम आला. अभिमनच्याच पलटणीतला. खांद्यावर लाकडी पेटी. जीवरामने चहा टाकायला सांगितला, मग रस्त्याकडे पाहिलं. तोतारामच्या मागे कुणीच नव्हतं.

परतीच्या बोटीवर ताप आला, तिसऱ्या दिवशी अभिमन गेला. देह समुद्राला दिला. एवढं सांगून तोतारामने चहाला हात न लावता पेटी पुढे सरकवली.

पेटीत एक टोप निघाला. काळ्या लोखंडी पट्ट्या घुमटासारख्या जोडलेल्या, माथ्यावर पितळेचं बारीक फूल, मानेवर उतरणाऱ्या पट्ट्या निळ्या रेशमी दोऱ्यांनी विणलेल्या, दोन्ही बाजूंना मागे मुडपलेले कान. आणि कपाळावर सोनेरी चंद्रकोर, तिचं एक टोक मोडलेलं.

"जुन्या जपानी सरदाराचा टोप आहे," तोताराम म्हणाला. "एका म्हातारीने बाजारात मांडला होता. अभिमनने आपली लोकरीची घोंगडी देऊन घेतला. देताना तिने बाहीने पुसून दिला. अभिमन म्हणायचा, हेही कपाळच सजवतात बघ. बाबांना दाखवीन. चंद्रकोर ते नीट करतील."

"लगीनमा घालतस का हाई?" जीवरामने विचारलं.

"नाही, काका. लढाईत. मरायला निघताना."

जीवरामने चंद्रकोरीच्या मोडक्या टोकावरून बोट फिरवलं.

आळीची जीभ काही गप्प बसेना. कुणी म्हणे यात दोन पायली ज्वारी मावेल, कुणी म्हणे हंड्याला कान फुटले. अभिमनची आई भिकुबाई आत भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिने टोपाकडे एकदाही पाहिलं नाही.

बिनलग्नाचा गेलेला मुलगा भटकतो, घराकडे पुन्हा पुन्हा येतो. म्हणून रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावायचं आणि मग त्याला वाटेला लावायचं, ही जातीतली रीत. पण नवरदेव कुठून आणायचा? जीवराम म्हणाला, टोप पाटावर ठेवू.

"परक्या माणसाचं डोकं होतं त्यात," जातीतले वडीलधारे गिरधरनाना म्हणाले.

"ते डोकंबी कोण्या मायनंच व्हतं, नाना. मन्हा पोऱ्याना हात लागेल शे त्याले. तेवढंच उरनं शे मन्हाजोडे."

नानांनी लग्नाचा दिवस धरला.

जीवराम ओट्यावर बसला. आधी त्याने भेंडाचं टोक कोरून चंद्रकोरीला जोडलं, त्यावर सोनेरी बेगड चढवली. मग बाशिंगाला हात घातला आणि दोरा हातात धरून तसाच थांबला. हा माणूस कपाळाच्या मापाशिवाय कात्री उचलत नसे. तो आत गेला.

"भिकू, केवढं व्हतं त्यानं कपाळ?"

तिने तोंड वळवलं नाही. फक्त हात वर केला आणि अंगठा नि मधलं बोट ताणलं. तेल लावताना हजारदा ताणलेलं अंतर. जीवरामने त्यावर दोरा धरला. मापावर गाठ मारून तो ओट्यावर परतला.

लग्नाच्या सकाळी अंगणात कुंडीतली रुई हिरव्या बांगड्या घालून उभी होती. पाटावर टोप. जीवरामने बाशिंग बांधलं, आणि चूक त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्याने माप मुलाचं घेतलं होतं आणि बांधायचं होतं टोपावर. रुंद लोखंडी कपाळावर ते सुंदर बाशिंग बाहुलीच्या लग्नातल्यासारखं इवलंसं दिसत होतं. रुपचंदच्या ओठावर काहीतरी आलं, पण उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते त्याने गिळलं.

भिकुबाई दाराशी येऊन उभी होती.

"हाई मन्हा अभिमननं डोकं नही," ती म्हणाली. "कोनं लगीन लावी राहिनात तुम्ही?"

"अक्का, लग्न नाही लावलं तर पोरगा भटकत राहील," गिरधरनाना समजावू लागले. "घराकडे येत राहील."

"मंग येऊ द्या ना!" ती ओरडली. "त्याले वाटेले लावानी घाई कोनले शे? मन्हा पोऱ्या मन्हा घर येई, तं तुम्हनं काय जास?"

नाना अक्षता मुठीत घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी त्या परत ताटात टाकल्या.

जीवराम टोपापुढे बसला आणि बाशिंग सोडू लागला. गाठी बांधण्यात जन्म गेलेला माणूस तो, त्याने बांधलेलं बाशिंग नवरदेवाच्या घरचे सोडत. त्याला गाठ सुटेना.

शेवटी भिकुबाई खाली बसली, टोप मांडीवर ओढला आणि बाशिंगाचा दोरा दाताने तोडला.