दाजींचा जागा कोळसा

पाण्याला आंघोळ घालणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीच्या वाट्याला आला. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. सातपूरच्या एका कारखान्यात दाजी पाणी सांभाळायला होते. यंत्रांना पाजायचं पाणी कोळशातून गाळून, नितळ करून पुढे पाठवायचं, एवढं काम. कारखान्याने दिवसाचे आठ तास मागितले होते, दाजींनी ते चोवीस तास केलं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे अक्षता टाकत होते आणि दाजी पाण्याचा ग्लास ट्यूबलाइटसमोर धरून, एक डोळा मिटून उभे होते. फोटोत ते तसेच आले आहेत. सासरची मंडळी अजून विचारतात, हे दृष्ट काढणारे गृहस्थ कोण?

अशा माणसाच्या घरी काचेची टाकी असणार हे ओघानेच आलं. पाच फूट लांब, पुढच्या खोलीची निम्मी भिंत तिनेच खाल्लेली. पण आत मासे नाहीत, नुसती झाडं. येणारा प्रत्येक जण वाकून शोधायचा आणि विचारायचा, "मासे कुठायत?" दाजी म्हणायचे, "मासे म्हणजे भाडेकरू. घाण करणार आणि एक दिवस न सांगता जाणार. ही झाडं घरची आहेत."

घरची होती हे खरंच. घोटीच्या पलीकडे डोंगरात दाजींचं गाव होतं. धरण झालं, पाणी चढलं, आणि भाताची खाचरं, घर, घराखालचा ओढा, सगळं त्याच्या पोटात गेलं. पाणी चढायच्या आदल्या आठवड्यात दाजी स्कूटरवर गेले आणि ओढ्यातलं फितीसारखं लांब पानांचं गवत बादलीत घालून घेऊन आले. बादली दोन पायांत, मागच्या सीटवर दोरीने बांधलेलं ओढ्याकाठच्या झाडाचं एक वाकडंतिकडं मूळ. पाणी हिंदकळू नये म्हणून स्कूटर इतकी सावकाश चालवली की, शपथेवर सांगतो, वाटेत दोन बैलगाड्यांनी त्यांना हॉर्न दिला.

त्याच आठवड्यात त्यांची आई, माई, बसने सातपूरला आली. माईने जन्मभर त्या ओढ्यावर भांडी घासली होती. आता तिच्यासमोर वॉशबेसिन. ती बोलायची नाही, खिडकीशी बसून राहायची, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात दोन पातळं आणि तंबाखूची डबी घालून बोचकं बांधायची. "मी जाते धाकट्याकडं घोटीला. हितं माझं काय हाय?" धाकट्याचं घर म्हणजे एक खोली आणि त्यात सहा माणसं. दाजी बोचकं सोडवायचे, माई पुन्हा बांधायची. टाकी त्यासाठी होती. ओढा उचलून आणता येत नव्हता, म्हणून दाजींनी जमला तेवढा आणला. त्यातलं गवत वाढलं, तर आई राहील, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

पण गवत वाढेना. नवीन पान यायचं ते फिकं, आजाऱ्याच्या नखासारखं. पान पिवळं पडलं की माई बोचक्याला गाठ मारायची, इतकं ते नियमाने. मग दाजींनी कारखान्यातल्या एका द्राक्षबागवाल्या सोबत्याकडून बागेला घालतात ते लोहाचं औषध आणलं, चिंचेच्या कोळासारखं, आणि रोज सकाळी सातच्या भोंग्याला माईच्या खोकल्याच्या बाटलीच्या टोपणाने मोजून टाकीत घालू लागले. त्यांच्या टाकीत पाळ्या चालायच्या. पहिल्या पाळीला खत, आणि तिन्ही पाळ्यांना पाण्याची आंघोळ. पाणी एका डब्यातून फिरायचं, आणि डब्यात ताईच्या परकराच्या कापडाची पिशवी, पिशवीत खास भाजलेला, करवंटीचा काळा कोळसा. "एवढ्या मुठीत," दाजी मूठ उघडून दाखवायचे, "आतल्या भोकांची जागा उलगडून पसरली तर मैदान होईल मैदान! पाण्यातला सगळा रंग, सगळा वास ह्याच्यात जाऊन बसतो." कोळसा आधी उकळून घ्यायचा, आणि तो त्यांनी एकदा ताईच्या कुकरमध्ये उकळला. ताई म्हणाली, "अहो, आता ह्यात भात नाही, इंजिन चालवा." त्या कुकरची शिट्टी पुढे खरोखर आगगाडीसारखी वाजायची, असं मी सांगतो आणि ताई नाकारते.

टाकीच्या मागे वर्तमानपत्र धरायचं आणि पुढून अग्रलेख वाचून दाखवायचा, ही दाजींची परीक्षा. पाणी नेहमी पास, गवत नेहमी नापास. मासेवाल्या दुकानदाराने एकदा बजावलं, "काका, तुम्ही पोराला वाढता आणि लगेच ताट उचलता. खतातलं लोह कोळसा ओढतो."

दाजी भडकले. "मग बाकीच्यांच्या टाक्यांत नाही का कोळसा?"

"असतो की. पण त्यांचा दोन-तीन आठवड्यांत भरतो आणि झोपी जातो. लोक आळशी असतात, बदलत नाहीत. म्हणून झाडं जगतात."

दाजी आळशी नव्हते, हाच घोटाळा होता. दर रविवारी त्यांच्या कोळशाची बदली व्हायची आणि नवा, ताजा, भुकेला कोळसा कामावर रुजू व्हायचा. नाशकात एवढा जागा कोळसा कुणाकडेच नव्हता. पण तीस वर्षं पाण्याला नितळ केलेल्या माणसाला नितळपणाच आडवा येतोय, हे कुणी कसं पटवावं?

ते पटवलं भारनियमनाने. त्या उन्हाळ्यात सकाळी साडेसातला वीज जायची ती दुपारी यायची. अख्खं शहर घामाने आणि शिव्यांनी भिजलेलं. आणि दाजींच्या टाकीत तीन आठवड्यांत हिरवंगार पान आलं! दाजी आनंदाने सगळ्या आळीत सांगत सुटले, की वीज जाणं आरोग्याला चांगलं. त्यांना मार कसा पडला नाही हे देवच जाणे. शेवटी मीच विचारलं, "दाजी, वीज गेली की तुमच्या घरात काय काय बंद पडतं?"

"पंखा. टीव्ही." मग थांबून, "पंप."

"आणि पंप बंद पडला की?"

"म्हणजे सातचं खत दुपारपर्यंत कोळशाला मिळतच नाही," दाजी टाकीकडे बघत म्हणाले. मग बाह्या सरसावल्या, डबा उघडला, आणि काळी ठिबकणारी पिशवी काढून मोरीत ठेवली. कुणाला खांदा देऊन आल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

पुढच्या महिन्याभरात गवत पृष्ठभागाला टेकलं आणि तिथून आडवं पसरलं. पण टाकीत ठेवलेल्या त्या वाकड्या मुळाचा इतके दिवस कोळसा गिळत होता तो रंगही पाण्यात उतरत गेला. आधी मधासारखा, मग बिनदुधाच्या चहासारखा. अग्रलेखाचा मथळासुद्धा दिसेना. दाजी टाकीला पाठ करून जेवायचे. एका दुपारी कलतं ऊन खिडकीतून पाण्यात शिरलं, समोरच्या भिंतीवर तपकिरी-हिरव्या लाटा हलू लागल्या, आणि माई खिडकीपासून उठून टाकीच्या काचेला नाक लावून उभी राहिली. खोलीत ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा वास होता.

"आता कसा वढा वाटतोय," ती म्हणाली. "इतकी वर्सं नळाचं पानी दाखवत व्हता व्हय रं मला?"

दाजी म्हणाले, "आई, घाण दिसतंय ना पण?"

"घाण नाय. पानी हाय ते. मुळाखालचं असंच असतंय."

मग तिने काचेवर बोट फिरवलं, बोटाला शेवाळ आलं. "लय ऊन लागतंय ह्याला. वढ्यावर सावली व्हती." ती आत गेली, बोचकं घेऊन आली, दातांनी गाठ सोडली, पातळं आणि डबी कॉटवर ठेवली आणि हिरवा तुकडा दाजींच्या हातात दिला. "हे लाव खिडकीला."

दाजींनी तो खिळे ठोकून लावला. बोचक्याला दुसरं फडकं मागायचं माईला कधी सुचलं नाही.

माई जाऊन आता बरीच वर्षं झाली. दाजी निवृत्त आहेत. लग्नाकार्यात ग्लास न बघता पाणी पितात, मला वाटतं डोळे मिटून. दुपारी मी गेलो की आम्ही दोघं टाकीसमोर बसतो. फिती संथ हलतात, मोटारसायकलींचा आवाज दूर कुठेतरी बुडतो, आणि कधी माझा डोळा लागतो तेही कळत नाही. जागा झालो की दाजी त्या पडद्याकडे बघत असतात. उन्हाने तो पार विटलाय. ताई दर दिवाळीला धुते, पण त्याच्या चारी टोकांना गाठीच्या चुण्या आहेत, त्या मात्र इस्त्रीनेही जात नाहीत.