लक्षणं सांगून आणलेलं औषध

आमच्या घरी आजारी माणूस डॉक्टरकडे जात नसे. ज्याला वेळ असेल तो जायचा. आण्णा मार्केट यार्डात हमाल आणि आई तिथेच भुसाराच्या गाळ्यावर धान्य निवडायला. टोळीतला एक गडी आला नाही की त्याच्या वाटची पोती बाकीच्यांच्या पाठीवर जातात, म्हणून आण्णा ताप अंगावर घेऊनही कामाला जात. मग त्यांचं औषध आणायला कोण? मी. शाळेतून आल्यावर धुतलेली रिकामी बाटली घ्यायची आणि चौकातल्या दवाखान्यात जाऊन लक्षणं सांगायची.

या कामात मी तरबेज होते. "खोकला कोरडा आहे, पण सकाळी कफ पडतो. पिवळा. भूक आहे, चव नाही." वस्तीतल्या शेजारणीसुद्धा त्यांची दुखणी माझ्याकडे देऊन निर्धास्त व्हायच्या. डॉक्टर म्हणायचे, "निदान तूच करून आणतेस. मी काय, बाटली भरायला बसलोय?" एकदा आईचा कान दुखत होता. कोणता ते विचारायला मी विसरले आणि डॉक्टरांनी विचारल्यावर बेधडक "उजवा" म्हणाले. दुखत होता डावा. थेंब काय, कुठल्याही कानात चालतात, त्यामुळे निभावलं. पण "मला माहीत नाही" एवढं म्हणणं मला तेव्हाही जमलं नव्हतं.

पुढे मी इंजिनियर झाले आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लागले. गळ्यात ओळखपत्र अडकवून स्वारगेटला कंपनीच्या बसची वाट बघताना मला फार भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू. वस्तीत पेढे वाटले गेले. आण्णांनी टोळीतल्या प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितलं की पोरगी कंप्युटरवर हाय.

धाकटी माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि माझ्याहून कितीतरी हुशार. तिला माझ्यापेक्षा मोठ्या नावाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी आपापली ओळख करून द्यायची होती. वडील काय करतात, या प्रश्नावर ती म्हणाली, "मार्केट यार्डात असतात." कुणीतरी विचारलं, "वॉव, होलसेलमध्ये? कोणता गाळा?" तिने नाही म्हटलं नाही. झालं. त्या दिवसापासून ती गाळ्याच्या मालकाची मुलगी झाली आणि चार महिने ती मुलगी सांभाळत बसली.

मग कॉलेजच्या कुठल्याशा कार्यक्रमासाठी झेंडू हवा होता. मैत्रिणी म्हणाल्या, तुझंच तर मार्केट आहे, चल. फुलबाजाराकडे जाताना समोरून आण्णा आले, पाठीवर पोतं घेऊन. त्यांनी तिला पाहिलं, तिच्या बरोबरच्या मुलींचे कपडे पाहिले आणि मान वळवून निघून गेले. लेकीची शोभा होऊ नये म्हणून बापाने ओळख दाखवली नाही. हे त्यांनी घरी आम्हाला मोठ्या समाधानाने सांगितलं. धाकटी तेव्हा आतल्या खोलीत होती. दोनच खोल्या आमच्या, सगळं ऐकू जायचं.

आजार एवढ्या एका गोष्टीने आला असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर ती हळूहळू विझत गेली. आधी सकाळचे तास बुडाले, मग कॉलेजच बुडालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. केस विंचरायची नाही. जेवायला बसली की ताटातला भात एका बाजूला सारायची, मग दुसऱ्या बाजूला सारायची. आई म्हणायची, दृष्ट लागली. आण्णा म्हणायचे, "काय हाय तिला? ताप न्हाई, खोकला न्हाई." त्यांच्या लेखी ज्याला बाटली नाही ते दुखणं नाही.

सरकारी दवाखान्यात आम्ही एकदा गेलो होतो. मनाच्या डॉक्टरांचा वार ठरलेला, बाहेर बाकावर गर्दी, आत जायचं दार सताड उघडं. टेबलाशी एक तरुण डॉक्टर, दमलेला. तिच्या मागे आणखी दोघं जण केसपेपर पुढे करून उभे. त्याने विचारलं, "झोप येते? कानात आवाज येतात? मरावंसं वाटतं?" भाजीचा भाव विचारावा तसं. धाकटीने तिन्ही प्रश्नांना मान हलवली, कशी हलवली ते त्यालाही कळलं नसेल. बाहेर बाकावर आण्णांच्या टोळीतल्या एकाची बायको बसली होती, तिने आम्हाला ओळखलं. घरी आल्यावर धाकटीने केसपेपर चुरगाळून टाकला आणि आण्णांनी तो उचलून गादीखाली सारला. झाकली मूठ. पुन्हा तिथे जायचा विषय निघाला नाही. खाजगी डॉक्टर होते, पण त्यांचा एका वेळेचा आकडा ऐकून आईने विषयच बदलला, आणि असं कितीदा जावं लागतं हे कुणी सांगेना.

अशात कंपनीची ईमेल आली. कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी समुपदेशकाच्या सहा भेटी, मोफत आणि गोपनीय. माझा जीव सुपाएवढा झाला. मी लगेच एचआरला विचारलं, बहिणीला चालेल का? उत्तर आलं: कर्मचारी, जोडीदार आणि मुलं. "सॉरी, सिब्लिंग कव्हर होत नाही." म्हणजे मी उद्या कुणा अनोळखी माणसाशी लग्न केलं असतं, तर त्याचं मन कंपनीने सांभाळलं असतं. मी ज्या बहिणीला कडेवर घेऊन मोठं केलं तिचं नाही. मला इतका संताप आला की जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात बसून रडले. आणि रडता रडताच मला सुचलं. यात नवीन ते काय? लक्षणं सांगून औषध आणायचं, लहानपणापासून तेच तर करत आले.

समुपदेशक बाई औंधला बसायच्या. पन्नाशीच्या, सुती साडी, दार बंद करून घेणाऱ्या. ते बंद दार बघूनच मला हेवा वाटला. समोर पाण्याचा ग्लास, पूर्ण एक तास, आणि मागे कुणीही उभं नाही. मी सांगायला सुरुवात केली. "मी पडून असते. केस विंचरावेसे वाटत नाहीत. मी चार महिने दुसऱ्याच माणसाची मुलगी होते."

बाई म्हणाल्या, "आणि नोकरी? ती कशी जमते?"

"जमते कशीतरी," मी म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

घरी येऊन मी धाकटीला सगळं सांगितलं. तिने कितीतरी दिवसांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. "म्हणजे वेडी मी आणि रेकॉर्ड तुझा? ताई, तू ग्रेट आहेस." ती चक्क हसली. त्या हसण्यावर मी पुढचा दीड महिना काढला. एका शनिवाराआड मी औंधला जायची, बाई विचारतील ते प्रश्न कंपनीच्या डायरीत उतरवून आणायची आणि रविवारी आम्ही दोघी पाण्याच्या टाकीमागे बसून उत्तरं तयार करायचो. धाकटी म्हणायची, "त्यांना सांग, सकाळ सगळ्यात वाईट असते. दुपारी थोडं बरं." बाई सांगतील ते मी घरी पोचवायची: रोज एकदा बाहेर पडायचं, एक वेळ ठरवून आंघोळ करायची, मनात येईल ते लिहायचं. ती थोडं करायची, थोडं नाही. आईला वाटलं, दृष्ट उतरली. मलाही वाटायला लागलं की मी जिंकले.

तिसऱ्या भेटीत बाईंनी पेन खाली ठेवलं. "एक विचारते, अगदी मोकळेपणाने सांगा. आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं? आपलं काही बरंवाईट करून घ्यावं, असं मनात येतं?"

"छे छे," मी म्हणाले. वर हसलेसुद्धा.

त्यांनी लिहून घेतलं. तो प्रश्न मी डायरीत उतरवला नाही, घरी नेला नाही. आमच्या घरात नळावर जायचं असलं तरी "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. त्या घरात हा प्रश्न मी कोणत्या तोंडाने विचारणार होते? मी स्वतःला समजावलं की ती हसते, आंघोळ करते, म्हणजे उत्तर "नाही"च असणार. उजवा कान.

चौथी भेट झाली त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी आईचा ऑफिसात फोन आला. गाळ्यावरून जेवायला घरी आली होती. "धाकटी कुठं हाय? फोन इथंच पडलाय तिचा. कडी बाहेरून लावून गेली." मी मीटिंगमधून उठले. बस संध्याकाळशिवाय नव्हती, मी रिक्षा केली, आणि त्या अख्ख्या रस्त्यावर मला एकच प्रश्न ऐकू येत होता, बाईंच्या आवाजात. आण्णांनी त्या दिवशी पोती टाकून दिली. मी त्यांना पहिल्यांदा कामाच्या वेळी रस्त्यावर पाहिलं, घामेजलेले, दिसेल त्याला विचारत होते, "माझी पोरगी बघितली का? माझी पोरगी." गाळेवाल्यांना, फुलवाल्यांना, सगळ्यांना.

ती स्वारगेटच्या एसटी स्टँडवर सापडली, मलाच. मांडीवर रिकामे हात ठेवून बाकावर बसली होती. समोरून गाड्या लागत होत्या आणि सुटत होत्या. मी शेजारी बसले.

"कुठे निघाली होतीस?"

"कुठेच नाही. घरी यायचं नव्हतं आणि दुसरीकडे कुठे जायचं ते ठरत नव्हतं." मग ती म्हणाली, "ताई, त्या बाईंनी एवढं सगळं विचारलं. मरावंसं वाटतं का, एवढंच कसं नाही विचारलं?"

खोटं बोलता आलं असतं. त्यात माझा हात कुणी धरला नसता.

"विचारलं," मी म्हणाले.

"मग? तू काय सांगितलंस?"

"नाही म्हणून सांगितलं."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. "चुकीचं सांगितलंस," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. त्याच संध्याकाळी बाईंना फोन करून सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला फसवलंत, त्याचं नंतर बघू. आज तिला एकटं सोडू नका. उद्या सकाळी तिला घेऊन या." त्यांनी तिला माझ्या नावावरच आत घेतलं. दार बंद झालं आणि मी बाहेर बसले. लहानपणापासून पहिल्यांदा मी दवाखान्यात होते आणि मला सांगायला काही नव्हतं. तासाभराने ती बाहेर आली, डोळे सुजलेले. मी सवयीने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"ते मी तुला सांगणार नाही," धाकटी म्हणाली. ती असं काही माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती. मला लागलं, आणि लागलं याची लाजही वाटली.

त्यानंतर एकच भेट उरली होती. तीही झाली. कंपनीचा आपोआप येणारा संदेश आला: तुमच्या सहा भेटी पूर्ण झाल्या, सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? माणूस सहा भेटींत बरा होतो असं कुणी ठरवलं, हे विचारायला खाली जागा नव्हती. बाईंनी एक चिठ्ठी लिहून दिली आणि आम्ही पुन्हा त्याच सरकारी दवाखान्यात, त्याच बाकावर. या वेळी गादीखालचा केसपेपर आण्णांनीच काढून दिला, हाताने घड्या सरळ करून. ठरलेल्या वारी ते टोळीला सुट्टी सांगू लागले. रांगेत पहाटे तेच जाऊन उभे राहतात. ओळखीचं कुणी दिसलं तर मान वळवत नाहीत, आपणहून सांगतात, "पोरीला दाखवायला आणलंय."

याला आता बरीच वर्षं झाली. तिचं इंजिनियरिंग सुटलं ते सुटलंच. ती एका दुकानात हिशेब बघते. काही महिने चांगले जातात, काही नाही. औंधच्या त्या बंद दारामागे तिला सहा महिने मिळाले असते तर काय झालं असतं, हा विचार मला अजून छळतो, आणि ज्यांना ते सहज मिळतं त्यांचा मला अजून राग येतो. तो राग बरोबर नाही हे मला कळतं. कळून तो जात नाही.

दवाखान्यात डॉक्टर बदलत राहतात. दार अजून उघडंच असतं आणि मागे कुणीतरी केसपेपर घेऊन उभं असतं. प्रत्येक डॉक्टर तो प्रश्न विचारतो, कुणी खाली बघत, कुणी तिच्याकडे बघत. धाकटी सगळ्यांच्या देखत उत्तर देते. मी तिच्या शेजारी तोंड मिटून उभी असते आणि ऐकते. ते दर वेळी "नाही" नसतं.