गोलामागची स्वस्त जागा

अख्ख्या नगर जिल्ह्यात स्वतःच्या खिशातून तिकीट काढून फुटबॉल बघणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा चुलत सासरा आहे. कुणाला शंका असेल तर त्याने भिंगारच्या बाजारात उभं राहून नुसतं 'फुटबॉलवाले काका' म्हणावं, लोक दारापर्यंत पोचवतील, वर बजावतील, "लवकर सुटका हुनार न्हाई बरं का!" काका लष्कराच्या डेपोत नोकरीला होते. कँटोन्मेंटच्या मैदानावर जवानांचे सामने बघता बघता हा आजार जडला. पुढे पुण्यात एक व्यावसायिक क्लब निघाला तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. सामना असला की शेंगदाणे आणि गूळ घेऊन ते सकाळच्या एसटीत बसत आणि गोलामागच्या सगळ्यात स्वस्त जागेत जाऊन स्थिरावत. पुष्कळदा बरोबर मीही असे, कारण जावयाला नाही म्हणता येत नाही. "मधल्या भारी जागेवरनं खेळ दिसतो, जावईबापू," ते मला समजावत. "गोलामागनं मानूस दिसतो. गोलकीपर भ्यालाय का न्हाई, ते हितनंच कळतं."

तिकिटाविषयी त्यांचा एक सिद्धांत होता. तिकीट मिसळ आणि चहाच्या भावाचं असावं. त्याहून महाग म्हणजे लूट आणि फुकट म्हणजे अपमान. अपमान कुणाचा, असं विचारलं तर म्हणत, "दोघांचाबी. फुकट बसलेल्याला शिव्या द्यायचा हक्क नसतो आणि खेळणाऱ्याला त्या ऐकायची सवय ऱ्हात न्हाई." त्यांच्या शिव्या तरी कसल्या! "अहो पंच, देवानं तुमाला डोळेबी दिलेत, नुसती शिट्टीच न्हाई!" याच्यापलीकडे मजल जात नसे. एकदा आमच्या कॉलनीत गाण्याचा मोफत कार्यक्रम होता. काका उठले, मंचावर जाऊन गायकाच्या हातात एक नोट ठेवली आणि परत जागेवर येऊन खणखणीत आवाजात म्हणाले, "आता जरा सुरात घ्या." गायक बिचारा माझ्या ओळखीचा होता. मी पुढचे कित्येक दिवस रस्ता बदलून ऑफिसला जात होतो.

मग एका हंगामात क्लबने तिकिटाचे दर चढवले. आम्ही खिडकीशी पोचलो तेव्हा आतली मुलगी हसून म्हणाली, "काका, आता सगळीकडे हाच रेट आहे." काकांनी हात जोडले आणि बाहेर येऊन स्टेडियमच्या भिंतीलगतच्या टपरीवर बैठक मारली. मला वाटलं, चहा पिऊन राग शांत होईल आणि आत जाऊ. पण ते भिंतीला कान लावल्यासारखे बसून राहिले आणि आतल्या आवाजावरून मला सामना सांगू लागले. "कॉर्नर मिळाला... गेला वरनं." मध्येच गप्प झाले. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "आवाज पातळ हाय. आत मानसंच न्हाईत." भाव चुकल्याचं आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला नाही.

काकांनी त्या भावात आत पाऊल टाकायचं नाही अशी शपथच घेतली आणि हंगाम भिंतीबाहेर काढला. पुढच्या हंगामात क्लबवाले घाबरले, कॉलेजच्या मुलांना बसमध्ये घालून फुकट आणू लागले. काका खिडकीवर हटून बसले. "बाई, मला विकत द्या." तीच मुलगी म्हणाली, "काका, आज विकायलाच नाहीये." शेवटी त्यांनी तिच्याकडून क्लबचा लोकरी मफलर विकत घेतला, तेच तिकीट मानलं आणि भर उन्हात तो गळ्यात गुंडाळून आत गेले. घामाने निथळत होते, पण पंचांना त्या दिवशी बरंच ऐकावं लागलं.

एवढं करूनही क्लब बंद व्हायचा तो झालाच. शेवटच्या सामन्याला तिकीट पुन्हा स्वस्त होतं, फुकटची मुलं नव्हती, आणि भल्यामोठ्या स्टेडियममध्ये माणसं वाळत घातलेल्या पापडांसारखी लांब लांब पसरली होती. काका उठले. गुडघा धरत पायऱ्या चढले, उतरले, प्रत्येकापाशी जाऊन विनवू लागले, "जरा आमच्याकडं सरका की. खेळणाऱ्या पोरांनी वर बघितलं तर गर्दी दिसली पायजे." लोक हसले, पण आले. गोलामागे एक बऱ्यापैकी घोळका जमला. संघ हरला. शिट्टी झाल्यावर गोलकीपर आमच्यासमोर आला आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवू लागला. काका नुसते मान हलवत राहिले.

परतीच्या एसटीत शिरूर मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, "जावईबापू, त्या महाग सालात आमी आत बसायला पायजे हुतं का?"

"काका, एका माणसानं काय होतं?" मी म्हणालो.

"एकेक करूनच रिकामं हुतं की," ते म्हणाले. मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि न उघडताच बराच वेळ मांडीवर धरून बसले.