आत्याबाईंनी शोधलेली मीटिंग

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. तरी दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला आमच्या घरातून सगळ्यात आधी त्याच गेल्या.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.
मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

हे लिहू का, असं मी विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं. तो म्हणाला, "लिही. माझं नाव टाक. मीटिंगवाल्यांचं कोणाचं टाकू नको."

विलास चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला, वीज केंद्रात, ठेकेदाराकडे फिटर आहे. जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हाही तो प्यायचा, उठली तेव्हाही प्यायचा. आमच्या घराला काही फरक पडला नाही.

एका सकाळी तो पिऊन ड्युटीवर गेला आणि गेटवरूनच परत आला.
त्या दिवशी मी बॅग भरली. मुलीला घेऊन सिंदेवाहीला माहेरी जाणार होते.

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला अडवलं नाही.

"जाशीन तं जा. मी नाई म्हणत नाई. पण मले शुक्रवार पाहू दे."

"शुक्रवारी काय आहे?"

"चंद्रपूरले मीटिंग रायते म्हणे, दारू सोडाची. दवाखान्यात एक बाई सांगत होती."

पत्ता म्हणजे एवढाच, बस स्टँडच्या मागे, एका शाळेत.

शुक्रवारी त्या एकट्या ऑटोने गेल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून भर रस्त्यात तोंडाने विचारत सुटल्या.
"दारू सोडाची मीटिंग कुठी भरते, भाऊ?"

पानठेल्यावरची पोरं हसली. एकाने तर बारचा रस्ता दाखवला.

शेवटी एका इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि हळूच विचारलं, "कोणासाठी, बाई?"

"पोरासाठी."

"चाला. मी तिकडंच चाललो."

तिथे गेल्यावर तिथल्या लोकांनी त्यांना समजावलं की इथे पिणाऱ्याने स्वतः यायचं असतं, पोराला पाठवा.

आत्याबाई म्हणाल्या, "पाठवतो ना. पण पोरगं कुठी पाठवून राह्यलो, ते मले पयले पाहू द्या."

त्या दिवशी ओपन मीटिंग होती, म्हणजे बाहेरच्या कोणालाही बसता येईल अशी. त्यांना मागच्या बाकावर बसू दिलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय असतं तिथे?"

"माणसं बसतेत. एक एक जण आपलं सांगते. मंग चाय भेटते."
मग म्हणाल्या, "एक जण रडला. कोणी त्याले चूप बस म्हटलं नाई."

मी भरलेली बॅग रिकामी केली नाही. पण गेलेही नाही.

पुढच्या शुक्रवारी त्या परत गेल्या. विलासला वाटलं, भजनाला जाते.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्यांनी त्यालाच म्हटलं, "मले चंद्रपूरले एका जागी जायचं हाय. रस्ता सापडत नाई. तू घेऊन चाल."

आईला गाडीवर न्यायचं, म्हणून त्या दिवशी तो प्यायला नाही. त्याने गाडी काढली.

बस स्टँडजवळ आत्याबाई म्हणाल्या, "आता मले आठवत नाई. कोणाले तरी विचार."

"काय विचारू?"

"दारू सोडाची मीटिंग कुठी भरते, असं विचार."

विलासने गाडी वळवायला घेतली. "आई, घरी चाल," म्हणाला.

त्या गाडीवरून उतरल्या. "तू जा. मी विचारत विचारत जातो."

आईला तशी रस्त्यावर सोडून जाणं त्याच्याने झालं नाही. समोर एक इस्त्रीवाला होता, त्याला त्याने विचारलं. दोनदा विचारावं लागलं.

इस्त्रीवाल्याने आत्याबाईंकडे पाहिलं. ओळख दाखवली नाही.
"चाला भाऊ," तो विलासला म्हणाला, "मीही तिथलाच हाव."

लगेच सगळं सुधारलं असं नाही. पोळ्याला तो परत प्यायला. दोन दिवस तोंड लपवून बसला.
आत्याबाईंनी ताट पुढे ठेवलं. "पडला तं पडला. शुक्रवारी चाल."

तो गेला. जात राहिला. त्या पोळ्यानंतर तो प्यायला नाही.

मागच्या वर्षी आत्याबाई गेल्या. हार्ट अटॅक, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

घाटावरून परतल्यावर अंगणात एका काकांनी विलासपुढे बाटली धरली.
"आज घे. मायचं दुःख हाय, आज कोणी काही म्हणत नाई."

मी दारात उभी होते.

विलासने खिशातून मोबाईल काढला आणि सगळ्यांसमोर फोन लावला.
"मी विलास. आई गेली. मले आता गरज हाय. कोणी येता का?"

दिवस मावळायच्या आत पाच-सहा जण आले. त्याच्या बाजूला सतरंजीवर बसले.

आमच्या नातेवाइकांपैकी कोणालाच मीटिंगचं माहीत नव्हतं. काकांनी विचारलं, "हे कोण रे?"

विलास म्हणाला, "माह्या दारू सोडाच्या मीटिंगचे. आईनं ओळख करून देली."

काकांनी बाटली पिशवीत घातली. मी सगळ्यांसाठी चहा ठेवला.

चंद्रपूरकडे कोणी अशी जागा शोधत असेल तर मला मेसेज करा. मी नाव विचारणार नाही.

आत्याबाई, तुम्हाला मनापासून नमस्कार. खूप आठवण येते.