तिसऱ्या घड्याळासाठी हात

बारामतीत कालव्याच्या कडेला मी मेथी विकायला बसते. तिथून एक तात्या रोज सकाळी फिरायला जायचे. दोन्ही मनगटांवर भारी घड्याळं, आणि हात इतके जोरात झुलवायचे की बघणारा हसायचाच. एकदा मी धीर करून विचारलं.

"ही सेलवर न्हाय चालत, ताई. हात हलला तरच चालत्यात. बायको म्हणती, डॉक्टरनं सांगून चालला न्हाईत, घड्याळासाठी बरं चालताय!"

मग त्यांनी खिशातून तिसरं घड्याळ काढलं. त्यात तारीख होती, इवलासा चंद्रही होता. "हे बंद पडलं की नीट लावायला मुंबईला न्यावं लागतं. आणि माझं तर हात संपलं. मी येईस्तोवर घालता का?"

मी घातलं. त्याच हातानं जुड्या बांधल्या, मेथीवर पाणी मात्र दुसऱ्या हातानं मारलं. ओरखडा उठेल म्हणून जीव नुसता टांगणीला. त्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, "आता मेथी महागणार वाटतं!"

तात्या परत आले. घड्याळ कानाला लावून हसले. "झकास चाललंय! ताई, तुमचा हात थांबतच न्हाय की."

घरी गेल्यावर चहा उकळेपर्यंत मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

"हात दुखतोय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाय आत्या. उगंच थांबवलाय."