चोवीस खणांची फळी

टपालकाकांनी एकतीस वर्षं टपाल वाटलं. पहाटे चोवीस खणांच्या लाकडी फळीत एकेका इमारतीची पाकिटं दारांच्या क्रमानं लावायची आणि मग जिने चढायचे. राहत होते त्याच इमारतीचंही टपाल त्यांच्याकडेच. तेव्हा बेल वाजायच्या आत दार उघडायचं. निवृत्त झाले आणि किंमत शिळ्या पेपरची झाली. आता दार फटीएवढं उघडे आणि फटीतून विचारणा होई, "काही काम होतं?"

एकदा पुतणीनं तिच्या फोनवर नको असलेल्या ईमेलचा ढीग दाखवला. काका चष्मा लावून वाचत राहिले. टक्कल, पोट, कर्ज, लॉटरी, जोडीदार.

"अगं, माणूस काय हवंय ते कधी सांगत नाही," ते म्हणाले. "पण त्याच्या दारात विकायला कोण येतं ते बघ. सगळं कळतं."

झालं, काकांना खूळ लागलं. टपाल कचेरीनं भंगारात काढलेली फळी त्यांनी घरी आणून ठेवली होतीच. ते घराघरांत जाऊन म्हणू लागले, "महिनाभराचा ईमेलचा कचरा द्या, मी त्याचं चित्र करतो." हसत का होईना, दारं उघडली. कुठं चहासुद्धा मिळाला. तिसऱ्या मजल्यावरची शिवणवाली बाई, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, तेवढी अडखळली.

"नाव लावू नका हं, काका."

"एकतीस वर्षांत कुणाचं पाकीट उघडलं नाही मी."

एकेका ईमेलची रंगीत कागदाची सुरळी केली. कर्जाला पिवळा, पोट-टकलाला हिरवा, लॉटरीला केशरी, जोडीदाराला गुलाबी. एका घराला एक खण. खण भरताना हात आपोआप चालला, जसा एकतीस वर्षं चालला होता तसा: तळमजला खाली, मग वर वर, डावं दार आधी. नाव नाही, नंबर नाही. फळी जिन्याखाली टांगली आणि काका बाजूला खुर्ची टाकून बसले.

इमारतीच्या सेक्रेटरीच्या बायकोनं बोट वर वर नेलं. "तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा. डावीकडून दुसरं दार. अगंबाई, हे तर गच्च गुलाबी."

"मापं घेताना उगाच का लाजते ती!" सेक्रेटरी म्हणाला आणि जिना हसला. स्वतःच्या हिरव्यागार खणाकडे त्यानं पाहिलं नाही.

बाईनं सहा वर्षांपूर्वी एकदा, फक्त एकदा, विवाहाच्या एका साइटवर फॉर्म भरला होता आणि आठवड्यात काढूनही घेतला होता. हे ती कुणाला सांगणार, आणि ऐकणार कोण? पुरुषांचे कपडे शिवायला यायचे बंद झाले, मग बायकांचेही. समोर कुणी काही बोलेना, पण तिचं नाव गुलाबी पडलं.

काका फळी उतरवायला गेले तर सेक्रेटरीनं शिडीच अडवून धरली. "छे छे. इमारतीची शोभा आहे ती. लोक बाहेरून बघायला येतात." एके दिवशी जिन्यात कुणी नाही असं बघून काकांनी सुरळ्यांची अदलाबदल केली. काही उपयोग झाला नाही. खण लोकांना पाठ झाले होते. उलट दारं पुन्हा उघडू लागली होती: "या काका, बसा. गुलाबीचं काय नवीन?" काका बसत. चहा पीत. सुरुवातीला गप्प राहत, पुढं पुढं हसत.

श्रावणघेवड्याच्या शेंगा निवडाव्यात तसे ते एका दुपारी जिन्याखाली नव्या महिन्याच्या सुरळ्या निवडत होते. एक कुरिअरवाला खोकं घेऊन आला आणि बाईचं पूर्ण नाव, आडनावासकट, वाचून म्हणाला, "या कुठं राहतात?"

एकतीस वर्षं ते नाव त्यांच्या बोटांनी तिसऱ्या मजल्याच्या खणात टाकलं होतं. काकांनी मान वर न करता विचारलं, "कोण? गुलाबी ना? तिसरा मजला, दुसरं दार."

जिन्याच्या वळणावर पिशवी घेऊन बाई उभी होती. ती खाली आली, कागदावर सही केली, खोकं काखेत घेतलं.

"बरोबर पत्ता सांगितलात, काका," ती म्हणाली आणि वर गेली.