गुडघाभर गवत
ऑक्टोबरचा पहिला शनिवार, आणि आज हिरवळ कापायची आहे. कापलेल्या गवताचा कच्चा, ओला वास आला की नेरूळच्या या रो-हाउसमधला पहिला पावसाळा संपला तेव्हाची गोष्ट आठवते. पुढच्या अंगणात गवत गुडघाभर माजलं होतं आणि मला तिथे हिरवळ हवी होती, नवऱ्याला गाडी लावायला फरशी. "उद्या सकाळी फरशीवाला माप घ्यायला येतोय. तोवर तुझी हिरवळ दिसली, तर फरशी रद्द," तो म्हणाला. मी दुपारीच हाताने ढकलायचं गवत कापायचं मशीन आणलं. दोन पावलांत पात्यांना गवत गुंडाळलं आणि चाकं अडली. शेजारी कुंपणावरून ओरडले, "वहिनी, म्हैस बांधा, स्वस्तात पडेल!" नवरा हसला. मशीन उलटं करून पाती सोडवताना मला कळलं, एवढं उंच गवत त्याच्या आवाक्यातलं नाही. ते बाजूला ठेवून मी बाजारातून विळा आणि दाताळं आणलं आणि मूठ मूठ गवत कापत सुटले. तळहाताला फोड आले, चिखलाचा वास केसांत गेला, दिवेलागणीपर्यंत निम्मंच अंगण झालं. सकाळी उजाडताच उरलेलं कापलं, दाताळ्याने सगळं ओढून काढलं आणि मग मशीन फिरवलं. आता ते सरळ चाललं. तेवढ्यात फरशीवाला टेप घेऊन फाटकातून आत आला, मागे नवरा. मी मशीन ढकलत ढकलतच म्हणाले, "दादा, चप्पल बाहेर काढा." आधी नवऱ्याने काढली.